विनीचा सांगावा

विनी शनिवारी सकाळी गेली. दुपारच्या आत ते सगळ्या खोऱ्याला कळलं, आणि बुधवारपर्यंत ते कोणालाही माहीत नव्हतं.

मी वरच्या कुरणात एडक्याच्या छातीला लाल रंग फासत होतो. नोव्हेंबरचा पहिला आठवडा, एडके मेंढ्यांत सोडायचे दिवस. खाली आलो तर विनी कोंबड्यांच्या खुराड्याला टेकून बसलेली. दाण्याची बादली शेजारी सरळ उभी होती, एक दाणा सांडला नव्हता. डॉक्टर येताना पुलावरून जोरात आला आणि जाताना हळू गेला. आमच्या खोऱ्यात तेवढं पुरतं. दुपारी शहरातून मयताचं काम बघणाऱ्या सोअर्बीची काळी गाडी आली ती पुलापाशी थांबली, कारण आमचा पूल तिला अरुंद पडतो. सोअर्बीनं आणि त्याच्या माणसानं पेटी हातानं घरापर्यंत आणली. समोरच्या उतारावर स्कारहेडची मार्था बाउसफील्ड दोरीवरचे कपडे काढत होती. पेटी आमच्या दारात जाईपर्यंत तिनं एकाच टॉवेलची सात वेळा घडी घातली.

विनीला आम्ही पुढच्या खोलीत ठेवलं. पडदे ओढले.

"न्यायचं कसं ठरवलंय?" सोअर्बीनं विचारलं. "माझ्याकडे चाकांची घडीची गाडी आहे आता. मयतवाटेवर छान चालते. दोन माणसांचं काम."

"नको," मी म्हटलं.

उभ्या संसारात विनीनं माझ्याकडे फार थोडं मागितलं. चार वर्षांपूर्वी लो बर्क नावाच्या घरचा म्हातारा वारला तो नेमका मेंढ्यांच्या मोठ्या बाजाराच्या दिवशी पुरायचा होता. मातीला चारच जण आले आणि सोअर्बीनं त्याला चाकांवरून नेलं. त्या दिवशी घरी आल्यावर बूट काढता काढता विनी म्हणाली, "अँब्रोज, मला असं किराणा मालासारखं नेऊ नकोस हं. माणसांच्या खांद्यावरून ने." मी म्हटलं, "नेईन." एवढंच बोलणं झालं. खांद्याला आठ माणसं लागतात. घरापासून चर्चपर्यंत मयतवाट दीड मैल आहे, डोंगराच्या कुशीतून जाते, आणि अर्ध्या वाटेवर चिखल आहे, म्हणून पाळीपाळीनं खांदा द्यायला आठाहून जास्तच लागतात. आमच्या खोऱ्यात ती माणसं मिळतात. पण त्यांना सांगावा जावा लागतो.

आमच्या पॅरिशमध्ये, आमचं धरून, सांगाव्यातली बावीस घरं आहेत. मयत झालं की सांगावेकरी काठी घेऊन घरोघर जातो. दारावर काठीनं दोनदा ठोकतो, आत पाऊल टाकत नाही, आणि म्हणतो, "अमक्या घरचा अमका गेला. या घरातून एकाला मातीला बोलावलंय." वार आणि वेळ सांगतो. घरचं माणूस म्हणतं, "ऐकलं." ते म्हणेपर्यंत त्या घराला काहीही माहीत नसतं. डोळ्यांदेखत पेटी गेली तरी माहीत नसतं. फोनवर कळलेलं धरत नाहीत, दुकानात कळलेलं धरत नाहीत. आणि सांगाव्याशिवाय मातीला जाणं म्हणजे न बोलावता लग्नाला जाण्यापेक्षा वाईट. ज्या घरी मयत झालंय त्या घरानं स्वतः सांगत फिरायचं नाही, ते भीक मागितल्यासारखं दिसतं. त्या घरानं फक्त सांगावेकऱ्याला सांगायचं.

गेली एकतीस वर्षं सांगावेकरी विनी होती.

पॅरिशची बाकीची कामंही तीच करायची. चर्चच्या घड्याळाला किल्ली द्यायची, सभेचं इतिवृत्त लिहायची, हॉल उघडायची, चहा करायची, हॉल झाडून बंद करायची. बाहेरचे लोक यायचे आणि म्हणायचे, तुमच्या पॅरिशची एकजूट काय आहे हो! ती एकजूट रविवारी दुपारी झोपायची, तेवढीच तिला विश्रांती.

रविवारी मार्था बाउसफील्ड आली. हातात फळांचा केक.

"सहज आले," ती म्हणाली. "केक जरा जास्तच झाला. विनी आहे का?"

पुढच्या खोलीचे पडदे ओढलेले तिला दिसत होते.

"आहे," मी म्हटलं. "पण—"

"झोपली असेल," मार्था घाईघाईनं म्हणाली. "असू दे, असू दे. उठवू नकोस." मग आपण काय बोललो ते तिचं तिलाच उमगलं. ती अंगणाकडे बघत म्हणाली, "थंडी फार पडलीय, नाही?" आणि एप्रननं डोळे पुसत निघून गेली.

तिच्यामागून गिडियन थेक्स्टन आला. त्याच्या खांद्यावर आमची शिडी होती. एकोणीस वर्षांपूर्वी नेलेली.

"विनी मागत होती ना," तो म्हणाला. "तिला म्हणावं, गिडियननं आणून दिली."

"सांगतो."

"बरी आहे ना ती?"

मी काय सांगणार? माझ्या तोंडून ऐकलेलं त्याला चालणार नव्हतं, आणि माझ्याशी खोटं बोलायलाही त्याला जमत नव्हतं. तो शिडी भिंतीला लावून उगीच तिची एकेक पायरी हलवून बघत बसला. "भक्कम आहे अजून," म्हणाला, आणि गेला.

संध्याकाळपर्यंत घरात सहा केक, एक शिडी आणि विनीच्या तीन बरण्या जमा झाल्या. सगळ्या खोऱ्यात हॅम शिजत होतं, वाऱ्यावर वास येत होता. दोऱ्यांवर काळे कोट वारा खात होते. बायकांची सगळी तयारी झाली होती. फक्त कशाची, ते कोणाला माहीत नव्हतं.

सोमवारी सकाळी पाद्री आला. रेव्हरंड लँगस्टाफ दक्षिणेकडचा माणूस, आणि त्याच्याकडे सात चर्चं आहेत. तो बोलताना गाडीची किल्ली हातातच ठेवतो.

"गुरुवारी अकरा," तो डायरी बघत म्हणाला. "साडेबाराला पलीकडच्या खोऱ्यात बाप्तिस्मा आहे. तर मी रविवारी चर्चमध्ये जाहीर करतो."

"रविवार गुरुवारच्या नंतर येतो, पाद्रीसाहेब."

त्यानं डायरी उलटसुलट पाहिली. "खरंच की. मग फलकावर लावू या."

"फलकाला कुलूप आहे. किल्ली विनी कुठं ठेवायची ते विनीला माहीत."

"मग तुम्ही शेजाऱ्यांना फोन का करत नाही?"

मी त्याला सांगाव्याचं सगळं सांगितलं. तो मान हलवत ऐकत होता, आणि शेवटी म्हणाला, "फार सुंदर प्रथा. जपली पाहिजे." आणि गेला.

संध्याकाळी सहाला हॉलमध्ये तातडीची सभा होती. चेअरमन सेप्टिमस डेंटनं विषय ठेवला होता: सांगाव्याच्या व्यवस्थेबाबत सर्वसाधारण विचार. खाली लिहिलं होतं, कोणत्याही विशिष्ट प्रसंगाशी संबंध नाही. मला कोणी बोलावलं नव्हतं. पण हॉलची किल्ली आमच्या घरी होती, म्हणून जाऊन उघडावा लागला. आणि उघडलाच आहे तर चहाचं भांडं कोण चढवणार, असं सगळे माझ्याकडे बघायला लागले. ते भांडं जुनं आहे. खालची तोटी अर्धी फिरवून थांबायचं असतं, हे विनीनं मला एकदा सांगितलं होतं. तर मी कोपऱ्यात चहा करत होतो आणि एकवीस घरं खुर्च्यांवर बसली होती.

"हजेरी," सेप्टिमस म्हणाला. "सचिव, विनी कॅपस्टिक." तो थांबला. घसा साफ केला. "गैरहजर."

"निरोप आलाय का?" मार्थानं विचारलं.

"म्हणजे?"

"निरोप आला असेल तर 'कळवून गैरहजर' लिहायचं, नसेल तर नुसतं 'गैरहजर'. विनी तसंच लिहायची."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"निरोप आलेला नाही," मी म्हटलं.

"नुसतं गैरहजर," सेप्टिमस म्हणाला. मग कळलं की ते लिहायला कोणाकडे पेन नव्हतं. पेन विनी आणायची.

"तर," सेप्टिमस पुढं बोलू लागला, "समजा, नुसतं समजा, एखाद्या घरी काही झालं. आणि त्या वेळी आपली सांगावेकरी... मोकळी नसली. तर सांगावा कोणी सांगायचा?"

"मी सांगितला असता," गिडियन म्हणाला, "पण माझा गुडघा."

"चेअरमननं दारोदार फिरणं बरं दिसत नाही," सेप्टिमस म्हणाला.

"तुला कोण म्हणालं फिर म्हणून?" मार्था म्हणाली. "मी जाईन. माझी काही ना नाही. पण अडचण अशी की सांगाव्याची सुरुवात स्कारहेडपासून होते. आता मी माझ्याच दारावर काठी ठोकू का?"

"स्कारहेडपासून? ती कधीपासून?"

"पहिल्यापासून. विनी आधी आमच्याकडेच यायची."

"अगं काय बोलतेस!" सेप्टिमस हसला. "आधी ती हॉल गार्थला यायची. आमच्या घरी. चेअरमनचं घर म्हणून नाही म्हणत मी. आमचं घर जुनं."

"जुनं आहे, दिसतंच आहे छपरावरून. पण मला ती स्वतः म्हणायची, 'मार्था, अजून कोणालाच सांगितलं नाही गं, पहिली तुझ्याच दारी आले.'"

गिडियन थेक्स्टन उठून उभा राहिला. गुडघ्याचं तो विसरला होता. "थांबा थांबा. हे तर ती मला म्हणायची. 'गिडियन, अजून कोणालाच सांगितलं नाही.' याच शब्दांत."

कोणीतरी म्हणालं, "आम्हालाही." मग आणखी कोणी. मग हॉलभर तेच. एकवीस घरं, आणि एकवीस घरांत विनी सगळ्यांत आधी गेलेली. मागे भिंतीला टेकून बंगल्यातला आर्चर उभा होता. तो खाणीत कामाला असायचा, एकटा राहतो, आणि सभेत आजवर एक शब्द बोललेला नाही. तो म्हणाला, "मलापण तसंच सांगायची."

बाकीच्यांचं एक वेळ समजू शकत होतं. पण आर्चर! हे मात्र कोणालाच पचेना.

"म्हणजे एकतीस वर्षं ती आपल्याला बनवत होती?"

"आणि चर्चची किल्ली हिच्याकडे!"

"मार्थाच्या सासऱ्याच्या वेळेलाही ती असंच म्हणाली. मी त्यावर विश्वास ठेवून बाउसफील्डांशी दोन वर्षं नीट वागले!"

"कोणी उपकार नाही केले!"

"याचा जाब विचारलाच पाहिजे," मार्था म्हणाली. तिचा चेहरा लाल झाला होता.

सेप्टिमसनं टेबलावर हात आपटला. "गप्प बसा सगळे! ठीक आहे. विनीलाच बोलावू आणि समोरासमोर विचारू."

त्यानंतर हॉलमध्ये फक्त भांड्यातलं पाणी खदखदत होतं.

सेप्टिमस तसाच उभा राहिला, हात टेबलावर. मार्थानं तोंडावर रुमाल धरला. काहीजण बुटांकडे बघत होते. कोणाला काही माहीत नव्हतं, त्यामुळे कोणाला काही म्हणताही येत नव्हतं.

"चहा घेणार का कोणी?" मी विचारलं.

सगळ्यांनी घेतला. दोन-दोन कप घेतले. सभा तहकूब झाली, आणि कप धुवायला मी एकटा राहिलो.

घरी जाताना पुलावर मला हसू फुटलं. कठड्याला धरून हसलो. बराच वेळ थांबेना, आणि मग ते हसू राहिलं नाही. घरी गेलो, पुढच्या खोलीत गेलो आणि तिला म्हटलं, "पकडली गेलीस बघ."

मंगळवारी सकाळी मी मेंढ्यांना बघून आलो आणि स्वयंपाकघरात बसून विचार केला. मला एकाच माणसाला सांगता येत होतं. पण एकवीसमधल्या ज्या कोणाला सांगावेकरी करीन ते घर पहिलं ठरणार, आणि उरलेली वीस गुरुवारी घरी बसणार. मग सोअर्बीची चाकं.

बावीस घरांच्या बाहेरचं पॅरिशमध्ये एकच घर आहे. जुन्या शाळेची इमारत. तिथं मिस प्रॉबर्ट राहते. बर्मिंगहॅमला चाळीस वर्षं शिक्षिका होती, निवृत्त होऊन आमच्याकडे आली. येऊन चौदा वर्षं झाली, म्हणून तिला सगळे नवी बाई म्हणतात. तिला सांगावा कधी गेला नाही. ती मातीला कधी आली नाही. चर्चच्या भिंतीबाहेर रस्त्यावर उभी राहायची आणि पेटी आत गेली की घरी जायची.

मी विनीची काठी घेतली आणि शाळेच्या दारावर ठोकली. बाईनं दार उघडलं. अंगात विणलेलं जाकीट, नाकावर चष्मा.

"मिस प्रॉबर्ट," मी म्हटलं, "विनी गेली."

"मला माहीत आहे हो, मिस्टर कॅपस्टिक. शनिवारी मी डॉक्टरांची—"

"नाही. तुम्हाला माहीत नाही. मी आत्ता सांगतोय."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग काठीकडे. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"ऐकलं," ती म्हणाली.

मी तिला काठी दिली. तिनं ती दोन्ही हातांनी घेतली. "बसा," म्हणाली. "आता मला सगळं नीट सांगा. काय म्हणायचं, कुठं उभं राहायचं. मी लिहून घेते." तिनं वही काढली, समास आखला. मी सांगत गेलो. शेवटी तिनं विचारलं, "आणि घरांचा क्रम?"

"त्याचंच तर सगळं अडलंय."

"क्रमाचं कधी अडत नाही," ती म्हणाली. "वर्गात कोणाचं नाव आधी घ्यायचं यावरून चाळीस वर्षांत एकदाही भांडण झालं नाही. आडनावाच्या आद्याक्षरानं घ्यायचं, ए-बी-सी लावून."

मला तेव्हाच तिला थांबवायला हवं होतं. मी म्हणायला हवं होतं, प्रत्येक दारात सांगा की तुमच्याकडेच आधी आले. पण विनी जे करायची ते दुसऱ्या कोणाला शिकवावं असं मला वाटलं नाही.

बुधवारी मिस प्रॉबर्ट डोक्याला पावसाळी टोपी, पायात चालायचे बूट घालून निघाली. एकवीस घरं, वर-खाली मिळून अकरा मैल. दारावर दोनदा काठी, आत पाऊल नाही, शब्द बरोबर. नवी बाई दारात बघून पहिल्यांदा लोकांचं तोंड उघडंच राहायचं. पण काठी विनीची होती, ती सगळे ओळखतात. आणि शनिवारपासून ते इतके कोंडले होते की कोणी मांजराकडूनही ऐकून घेतलं असतं. सगळ्यांनी "ऐकलं" म्हटलं. मग प्रत्येकानं तोच प्रश्न विचारला, सहज विचारल्यासारखा.

"आमच्याकडेच आधी आलात ना?"

बाईनं आयुष्यभर मुलांना खरं बोलायला शिकवलं होतं. ती वहीत बघून सांगायची. "नाही. तुम्ही नववे."

दुपारपासून आमच्या अंगणात रीघ लागली. आता सगळ्यांना सगळं माहीत होतं आणि बोलायला मोकळीक होती.

"अँब्रोज," गिडियन थेक्स्टन माझा हात हातात घेऊन म्हणाला. त्याचे डोळे खरोखर भरलेले होते. "काय रे हे झालं. सोन्यासारखी बाई. माझी आई गेली तेव्हा रात्र नि दिवस आमच्याकडे होती." त्यानं नाक शिंकरलं. "आम्ही एकोणिसावे."

"हो का."

"एकोणीस! थेक्स्टन! तिनं शाळेच्या हजेरीपटासारखं केलंय."

सेप्टिमस पाचवा होता. त्याला पाचवा असण्याचं तेवढं दुःख नव्हतं; त्याच्या आधी कोण कोण ते त्यानं बोटांवर मोजून दाखवलं. मार्था दुसरी होती आणि सगळ्यांत जास्त तीच दुखावली होती. "विसावी असते तरी चाललं असतं," ती म्हणाली. "पण आर्चरच्या मागं? तो बंगला माझ्या लग्नानंतर बांधलाय, अँब्रोज!" मग ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. विनीसाठी रडली, यात मला शंका नाही. निदान सुरुवातीला तरी.

"उद्या येणार ना?" मी प्रत्येकाला विचारलं.

"बघू," प्रत्येकजण म्हणाला.

गुरुवारी डोंगर धुक्यात होता. साडेदहाला घरात मी, सोअर्बी, त्याचा माणूस आणि मिस प्रॉबर्ट एवढेच. पेटी अंगणात दोन बाकांवर ठेवली होती. पावणेअकरा झाले. सोअर्बीनं अंगणाच्या कोपऱ्यात जाऊन ती घडीची गाडी उघडली. चाकांना तेल घातलेलं होतं, आवाज आला नाही.

"माझ्यामुळे झालं का हे?" मिस प्रॉबर्टनं विचारलं.

"तुम्ही खरं सांगितलंत," मी म्हटलं.

"तेच विचारतेय मी."

मी फाटकापर्यंत गेलो. धुकं थोडं विरळ झालं तेव्हा पूल दिसला. पुलाच्या पलीकडे माणसं उभी होती. काळे कोट, काळ्या टोप्या. एकवीसपैकी वीस घरं असावीत. कोणी हलत नव्हतं. मी पुलावर गेलो.

"काय झालं?"

"आर्चर यायचाय," सेप्टिमस म्हणाला.

"मग?"

"मग काय? तो पहिला आहे ना. पहिल्यानं पूल ओलांडल्याशिवाय दुसऱ्यानं कसा ओलांडायचा?"

मार्था सगळ्यांच्या पुढं, पुलाच्या पहिल्या दगडाला बूट लावून उभी होती. तिच्यामागं सगळे आद्याक्षराप्रमाणे रांगेत. गिडियन पार मागं, धुक्यात, नुसती टोपी दिसत होती. काल दिवसभर ज्या क्रमाला त्यांनी शिव्या घातल्या, तो आज त्यांनी मोडला नसता. क्रम वाईट असला तरी क्रम होता.

"मार्था, तू चल."

"मी? आणि उद्या लोक म्हणतील स्कारहेडवाली घुसली? नाही बाबा."

चर्चची घंटा अकराला वाजणार होती, आणि त्या घंटेला पेटी उचलायची होती. आर्चरच्या बंगल्याला कुलूप होतं, कोणीतरी बघून आलं होतं. मग मागून कोणीतरी ओरडलं. मयतवाटेच्या बाजूनं एक माणूस पळत येत होता, कोटाची बटणं उघडी, बूट चिखलानं भरलेले. आर्चर सकाळी साडेनवालाच चर्चला जाऊन फाटकाशी उभा राहिला होता. त्याला वाटलं, आपल्यासारख्यानं घरी कशाला जायचं, तिथंच थांबावं. तिथं दुसरं कोणीच येईना, तेव्हा चूक उमगली आणि तो दीड मैल पळत आला होता.

"माफ करा," तो धापा टाकत म्हणाला. "मला माहीत नव्हतं की पहिल्याला..."

"बोलू नकोस, चाल!" मार्थानं त्याला पुढं ढकललं.

तो पूल ओलांडून आला, मान खाली घालून. त्याच्यामागून सगळे. सोअर्बीनं गाडीची घडी घातली. पुढचा उजवा खांदा आर्चरनं दिला, दुसरा कोणी कोणाला चाललाच नसता. पाऊण वाटेपर्यंत तो रडत होता. वर्षातून एकदा विनी त्याच्या दारात येऊन काय सांगायची, त्याला ते किती पुरायचं, ते मला त्या दिवशी कळलं.

बाकीचे भांडत होते. पहिल्या टेकू-दगडापाशी, म्हणजे वाटेत पेटी टेकवायच्या दगडापाशी, पाळी बदलायची होती, तिथं कोणाचा खांदा कोणामागं यावरून झालं. डोंगरावरचं ब्रॅकनचं नेचं सगळं लाल पडलं होतं, वाट निसरडी, आणि पेटीखालून आवाज येत होते.

"पाय उचल, नऊ नंबर!"

"मला नऊ नंबर म्हणू नकोस!"

"हळू, हळू, खड्डा आहे!"

"खड्डा मला दिसतोय, तुझं तोंड दिसत नाहीये हे माझं नशीब!"

दीड मैल असं. पण पेटी एकदाही कललेली मी पाहिली नाही. दुसऱ्या दगडाच्या पुढं चढ आहे, तिथं गिडियनचा गुडघा गेला. तो बाजूला झाला आणि मागचा डावा खांदा रिकामा पडला. मिस प्रॉबर्ट पुढं झाली, पण ती फार बुटकी आहे. तेव्हा मी खांदा दिला. घरच्यानं खांदा द्यायचा नसतो. सेप्टिमसनं वळून पाहिलं, तोंड उघडलं, आणि मिटलं.

विनी जड नव्हती.

पाद्रीनं विधी वीस मिनिटांत उरकला, मातीची मूठ टाकली आणि गाडीकडे पळाला. नंतर हॉलमध्ये हॅम, केक, चहा. चहा मिस प्रॉबर्टनं केला. भांड्याची तोटी अर्धी फिरवायची ते मी तिला सांगितलं. मार्था तिला म्हणाली, "बाई, सांगावा तुम्ही बरा सांगितलात. आवाज खणखणीत आहे. पण पुढच्या वेळी असं आकडे नका सांगत बसू."

"मग काय सांगू?" मिस प्रॉबर्टनं विचारलं.

मार्थानं विचार करत हातातला केक खाऊन संपवला. "तेच तर," ती म्हणाली.

मातीनंतर महिन्याच्या आत घरच्यानं एकवीस घरी आभाराला जायचं असतं. दारात उभं राहून गेलेल्याच्या नावानं दोन शब्द बोलायचे. सांगावा ज्या क्रमानं गेला त्याच क्रमानं आभार जातात. आता तो क्रम बाईचा धरायचा की विनीचा, यावर सेप्टिमसनं सभा घेतली. इतिवृत्त लिहायला कोणी नव्हतं, त्यामुळे काय ठरलं याबद्दल पाच मतं आहेत. लोक रस्त्यात भेटले की विचारतात, "अँब्रोज, आमच्याकडे कधी येतोस?" आणि मग हळूच, "आधी आमच्याकडे ये हं." मी हो म्हणतो.

क्रमाचं मी कारण सांगतो. पण खरं तर तीनदा मी बूट घालून निघालो, पुलापर्यंत गेलो आणि परत आलो. दारात उभं राहून तिच्या नावानं काय बोलायचं ते मला माहीत नाही. या घरातलं बोलणं ती करायची.

महिना येत्या शनिवारी पुरा होतो. अजून एकाही घरी गेलेलो नाही.